आयर्न मेडनचा ‘सेनजुत्सू’: चाली भरभक्कम, गळा मात्र मिक्समध्ये दबलेला

८१ मिनिटं ५३ सेकंद. एका सीडीत जेमतेम ऐंशी मिनिटं मावतात, म्हणजे वरच्या दोनेक मिनिटांपायी या अल्बमला दुसरी सीडी लागली. एखादं गाणं थोडं आखडतं घेतलं असतं तर एका सीडीत भागलं असतं, असं कुणालाही वाटेल. पण चार-पाचदा नीट ऐकल्यावर कळतं की ही लांबी चालींसाठी मुद्दाम घेतलेली आहे. चालीला फिरायला, वळायला, गळ्यातून गिटारवर आणि गिटारवरून परत गळ्यात यायला जागा हवी होती. काही गाण्यांत या जागेचं सोनं झालंय. काहींत तीच ओळ चौथ्यांदा येते आणि नवीन काहीच सांगत नाही. म्हणून इथे प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारायचा आहे: चाल कुणाच्या हातात आहे, ती किती वेळा येते, आणि गाणाऱ्याचा आवाज तिच्यातून वर येतो का?

आधी थोडी पार्श्वभूमी. ३ सप्टेंबर २०२१ ला आलेला ‘सेनजुत्सू’ हा आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा सतरावा स्टुडिओ अल्बम. रेकॉर्डिंग मात्र २०१९ मध्येच पॅरिसच्या ग्योम टेल स्टुडिओत झालं होतं. ही इमारत पूर्वी सिनेमागृह होती, त्यामुळे छत उंच आणि खोलीचा नाद मोठा. २००० चा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आणि २०१५ चा ‘द बुक ऑफ सोल्स’ याच स्टुडिओतले. निर्माता केविन शर्ली, सहनिर्माता बेसवादक आणि बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस. कामाची पद्धत अशी की गाणं लिहायचं, लगेच बसवायचं आणि हाताला ताजं असतानाच सगळ्यांनी मिळून वाजवून रेकॉर्ड करून टाकायचं. या पद्धतीचा गुण आणि दोष दोन्ही अल्बमभर ऐकू येतात. लय माणसांनी धरलेली वाटते, श्वास घेते. पण गाणं काही दिवस बाजूला ठेवून, पुन्हा थंड डोक्याने ऐकून, ‘हा तुकडा एकदाच पुरे’ असं म्हणायची संधी त्यात फारशी उरत नाही.

नावाचा अर्थ साधारण ‘डावपेच’, शब्द जपानी. मुखपृष्ठावर मार्क विल्किन्सनने रेखाटलेला सामुराई वेशातला एडी, म्हणजे बँडचं ओळखचिन्ह असलेलं पात्र, आहे. त्यावरून अख्खा अल्बम जपानवर असेल असं समजून बसू नका. ती छटा मुखपृष्ठावर आणि शीर्षकगीताच्या नगाऱ्यांत आहे. बाकीची गाणी बायबल, केल्ट लोक, दुसरं महायुद्ध अशी चहूकडे फिरतात.

तीन गिटार, एक चाल

मेडनची ओळख म्हणजे दोन गिटारांनी एकच चाल तिसऱ्या सुराच्या अंतराने वाजवणं. १९९९ मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले, पण स्मिथच्या जागी आलेला यानिक गर्स गेला नाही. तेव्हापासून डेव्ह मरे, स्मिथ आणि गर्स असे तिघं आहेत. तिघांचे हात वेगळे ओळखू येतात. मरेचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेला तुकडा, लोण्यासारखा: डाव्या हाताच्या बोटांनीच सूर जोडत जातो, पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात कमी. स्मिथचा सोलो आधी मनात रचून मग वाजवल्यासारखा: सुरुवात, मध्य आणि शेवट असलेला, प्रत्येक बेंड (तार ताणून वर नेलेला सूर) नेमक्या सुरावर थांबणारा. गर्सचा हात सगळ्यात मोकळा. कधी सूर निसटतात, पण लोकगीताच्या वळणाच्या उड्या मारत्या चालीत त्याला तोड नाही. एवढं लक्षात ठेवलं तर या लांब गाण्यांच्या मधल्या भागात कोण कुठे बोलतंय ते आपोआप उलगडतं, आणि बारा मिनिटं बारा मिनिटांसारखी वाटत नाहीत.

श्रेयनामावलीतही बघण्यासारखं आहे. मरेच्या नावावर यावेळी एकही गाणं नाही. स्मिथ आणि डिकिन्सन जोडीची तीन, स्मिथ-हॅरिसचं एक, गर्स-हॅरिसची दोन आणि एकट्या हॅरिसची चार. स्मिथचा हात लागलेल्या गाण्यांत काटछाट जाणवते. हॅरिसच्या एकट्याच्या गाण्यांत काटछाट नाही, पण सगळ्यात खोल चालीही तिथेच आहेत. अल्बमची सगळी ओढाताण या वाटणीत आहे.

पहिली डिस्क

शीर्षकगीत ‘सेनजुत्सू’ने सुरुवात होते. मोठ्या टॉमवर (खोल आवाजाच्या ड्रमवर) पडणारे ड्रमवादक निको मॅकब्रेनचे आघात, आणि मग ८ मिनिटं २० सेकंद धीमी, जड चाल. मेडनचा अल्बम धावत सुरू होईल अशी सवय लागलेल्या कानाला हे अडखळल्यासारखं वाटेल. पण इथे लय न वाढवता ताण वाढवलाय, आणि डिकिन्सनचा गळा वरच्या पट्टीत थरांवर थर चढवत जातो. अल्बममधलं हे सगळ्यात धाडसी दार, आणि ते नीट उघडतं.

‘स्ट्रॅटेगो’मध्ये ओळखीचा गॅलप परत येतो. गॅलप म्हणजे एका मात्रेत एक आठवा आणि दोन सोळावे, तबल्याच्या भाषेत ‘धा तिट, धा तिट’. हॅरिस तो पिक न घेता बोटांनी वाजवतो, प्रिसिजन बेसवर, चपट्या गुंडाळीच्या तारांवर. त्यामुळे प्रत्येक ‘तिट’ला तार फ्रेटवर (पडद्यावर) आपटल्याचा टणक आवाज येतो. चाल झकास आहे, पाच मिनिटांच्या आत आटोपते. पण मिक्सचा, म्हणजे गळा आणि वाद्यं यांचा आवाज कमी-जास्त करून केलेल्या जुळवणीचा, दोष सगळ्यात जास्त इथेच भोवतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

‘द रायटिंग ऑन द वॉल’ हे १५ जुलै २०२१ ला आलेलं पहिलं सिंगल. बायबलमधल्या बेलशझर राजाच्या मेजवानीची गोष्ट, भिंतीवर उमटलेली अक्षरं. सुरुवातीला अकूस्टिक गिटार, धूळभरल्या रस्त्यावरच्या वेस्टर्नपटासारखी, आणि त्यावर मध्यम लयीतला रुंद रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. नव्या श्रोत्याने याच गाण्यापासून सुरू करावं. कारण स्मिथचा सोलो. वेग दाखवायची त्याला घाई नाही. एक वाक्य म्हणतो, थांबतो, तेच वाक्य थोडं वर नेऊन म्हणतो, मग पायरी पायरीने चढत शेवटच्या लांब ताणलेल्या सुरावर येतो. दोनदा ऐकला की गुणगुणता येतो. सोलो गुणगुणता येणं हीच मेलडिक मेटलची खरी कसोटी, आणि इथे ती पूर्ण उतरते. गाण्यात वाया गेलेली एकही ओळ नाही.

त्यानंतर अल्बमचा पाय घसरतो. ‘लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड’ साडेनऊ मिनिटांचं आहे. विषय अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा विध्वंस, म्हणजे वजनदार. सुरुवातीचा अकूस्टिक भाग, मागे थरांनी रचलेले आवाज, हे सुंदर आहे. पण जड भाग सुरू झाला की गायक जी ओळ गातो तीच ओळ गिटार त्याच वेळी वाजवते. गळ्याने गायलेली चाल मागून गिटारने वाजवली तर तो संवाद होतो. दोघांनी एकाच वेळी एकच म्हटलं तर ती नुसती दुरुस्ती वाटते, जणू गायकाला सूर आठवून दिला जातोय. नऊपैकी तीन मिनिटं सहज कमी करता आली असती.

‘डेज ऑफ फ्युचर पास्ट’ ४ मिनिटं ३ सेकंदांचं, अल्बममधलं सगळ्यात छोटं. स्मिथचा तुकतुकीत रिफ आणि लगेच पकडणारं धृपद. ‘द टाइम मशीन’ हा गर्सचा नमुना: उड्या मारणारी चाल, मागे कीबोर्डचा समूहगानासारखा पडदा. पहिल्यांदा विस्कळीत वाटतं, तिसऱ्यांदा बसतं.

आवाज दबतो का, आणि काय करावं

डिकिन्सनने रेकॉर्डिंग केलं तेव्हा त्याने साठी गाठली होती. २०१४ च्या अखेरीस जिभेच्या मागच्या भागात कर्करोग निघाला, उपचार झाले, आणि त्यानंतर गायलेला हा पहिला स्टुडिओ अल्बम. पूर्वीची चमकदार धार थोडी बोथट झाली आहे, पण मध्य सप्तकात आवाज भरदार आणि खरखरीत झालाय, भावना जास्त पोचते. म्हणूनच तो मिक्समध्ये मागे ढकललेला ऐकून जीव हळहळतो.

दोष असा होतो. माणसाच्या आवाजातली व्यंजनं, ज्यांच्यामुळे शब्द कळतात, ती साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतात. डिस्टॉर्शन लावलेल्या (आवाज मुद्दाम खरखरीत केलेल्या) गिटारचा दात तिथेच, झांजांचा चुरचुरीतपणा तिथेच, आणि हॅरिसच्या बेसचा टणत्कारही तिथेच. त्यावर हॅरिसनेच वाजवलेला कीबोर्ड गायकाची ओळ त्याच सुरात धरून ठेवतो. एकाच वेळी एकच सूर दोन ठिकाणांहून आला की कान त्यांना एकत्र करून टाकतो. मग स्वर मोठा वाटतो, शब्द मात्र बुडतात. ‘स्ट्रॅटेगो’च्या धृपदात आणि ‘लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड’च्या मध्यात हे स्पष्ट जाणवतं. खालच्या बाजूला २५० ते ३५० हर्ट्झच्या आसपास तीन गिटार, टॉम आणि कीबोर्ड गर्दी करतात. त्याने सगळ्यावर एक घोंगडी पांघरल्यासारखी होते.

ऐकणाऱ्याच्या हातात यावर थोडा उपाय आहे. इक्वलायझर (आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) असेल तर आधी ३०० हर्ट्झला २ डेसिबल कमी करा. आधी कमी करणं महत्त्वाचं, कारण घोंगडी काढल्यावर पुष्कळदा वरचं काही वाढवावंच लागत नाही. तरीही शब्द कळत नसतील तर ३ किलोहर्ट्झला रुंद वळणाने दीड ते दोन डेसिबल वाढवा. त्याहून जास्त नको, कारण त्याच पट्ट्यात बेसची आपट आहे. ३ किलोहर्ट्झ चार डेसिबल वाढवला की डिकिन्सनबरोबर हॅरिसची बोटंही कानात टोचायला लागतात. ८ किलोहर्ट्झच्या वर हात लावू नका, तिथे झांजा आधीच भरपूर आहेत. फोनवरचं ‘बेस बूस्ट’ बंद ठेवा. या अल्बममध्ये बेस खाली नसून मधे आहे. बूस्टने फक्त गढूळपणा वाढतो.

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. स्ट्रीमिंग अॅपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय) चालू असेल तर इथे फार नुकसान होतं. दहापैकी पाच गाणी अगदी हळू सुरू होतात. सहा सेकंदांचा क्रॉसफेड म्हणजे आधीच्या गाण्याचा शेवट पुढच्या गाण्याच्या पहिल्या नाजूक सुरांवर सांडणार. क्रॉसफेड शून्यावर न्या. आवाजाची पातळी सारखी करणारी सोय वापरत असाल तर ती गाण्यापुरती न ठेवता अल्बमपुरती ठेवा, नाहीतर हळू आणि मोठ्या भागांचा ठरवून ठेवलेला तोल मोडतो.

दुसरी डिस्क: खरा अल्बम इथे

दुसऱ्या डिस्कवर चारच गाणी आहेत आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे: ४१ मिनिटं ३८ सेकंद, पहिली ४० मिनिटं १५ सेकंद. शेवटची तीन गाणी एकट्या हॅरिसची, मिळून ३४ मिनिटं १८ सेकंद. सरळ सल्ला: दोन्ही डिस्क एका बैठकीत ऐकू नका. एक दिवस पहिली, दुसऱ्या दिवशी दुसरी. आणि वेळ एकाच बैठकीचा असेल तर दुसरी लावा. ऐंशी मिनिटांनी थकलेल्या कानावर ‘हेल ऑन अर्थ’ वाया घालवणं हा या अल्बमवरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे, आणि बहुतेक श्रोते पहिल्यांदा तोच करतात.

‘डार्केस्ट अवर’ समुद्राच्या लाटा आणि पक्ष्यांच्या आवाजाने सुरू होतं आणि तिथेच संपतं. विषय दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटन आणि चर्चिल. संथ, मोकळं गाणं. गळ्याभोवती हवा आहे, कीबोर्ड मागे राहतो, आणि म्हणूनच डिकिन्सनचं या अल्बमवरचं सर्वोत्तम गायन इथे आहे. शब्दांच्या शेवटी आवाज किंचित फाटतो, तो त्याने झाकलेला नाही. मिक्सबद्दल वर केलेली तक्रार किती रास्त आहे, ते हे गाणं ऐकलं की पटतं. जागा दिली की हा आवाज आजही उभा राहतो.

‘डेथ ऑफ द केल्ट्स’ १० मिनिटं २० सेकंद. १९९८ च्या ‘द क्लॅन्समन’ची आठवण न येणं अशक्य: हळुवार बेस, स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या लोकांची गोष्ट, मग लोकसंगीताच्या वळणाचे वाद्यांचे तुकडे. मधला वाद्यांचा भाग चांगला आहे, गर्स तिथे खुलतो. पण ‘द क्लॅन्समन’मध्ये सगळा जमाव ओरडू शकेल असं एक धृपद होतं, इथे तसं टोक येत नाही. चाल वळसे घेत राहते. वाईट गाणं नव्हे, पण जुन्या घराची नवी चौकट.

आता ‘द पार्चमेंट’. १२ मिनिटं ३९ सेकंद, बँडच्या आजवरच्या सगळ्यात लांब गाण्यांत चौथ्या क्रमांकाचं. जड, संथ रिफ आहे, पूर्वेकडच्या वळणाचा. आपल्या कानाला कोमल रिषभाची आठवण देणारा. पहिली काही मिनिटं बहुतेकांना कंटाळवाणी वाटतात, कारण लय हलतच नाही. विलंबित ख्याल ऐकायची सवय असलेल्या श्रोत्याला मात्र हे कोडं पटकन सुटेल. रिफ हा ठेका समजा, आणि त्यावर एकामागून एक येणारे तिघांचे सोलो ऐका. मरे जोडत जातो, स्मिथ वाक्य रचतो, गर्स उधळतो. एकच सुरावट, तीन स्वभाव. मग शेवटाकडे लय एकदम चढते, आणि आधीची सगळी धीमी मिनिटं कशासाठी होती ते कळतं. ती मिनिटं कापली तर शेवटची धाव फुकट जाईल. लांबी सार्थ ठरलेलं हे पहिलं गाणं.

आणि दुसरं, ‘हेल ऑन अर्थ’. ११ मिनिटं १९ सेकंद. पहिली दोन मिनिटं शब्द नाहीत, गडगडाट नाही: स्वच्छ गिटार, हळू बेस आणि एक साधी चाल, जी लहान मुलालाही म्हणता येईल. ही चाल नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यातून उगवतं. ड्रम आणि डिस्टॉर्शन येतात तेव्हा तिचाच वेग वाढलेला असतो, स्वभाव बदललेला नसतो. गळा येतो तो याच प्रवाहात, आणि नेहमीसारखं धृपद चार वेळा म्हणण्याऐवजी ओळी पुढे पुढे जात राहतात. उत्तरार्धात वाद्यं खाली उतरतात, डिकिन्सन जवळजवळ बोलल्यासारखा, खालच्या सुरात काही ओळी म्हणतो. मग पूर्ण बँड परत येतो आणि तेच शब्द तो वरच्या सप्तकात झोकून देतो. शब्द तेच, चाल तीच, फक्त उंची बदलली, आणि अंगावर काटा येतो. पुनरावृत्ती कशी करावी याचा धडा इथे आहे: तीच गोष्ट पुन्हा आणा, पण दुसऱ्या पट्टीतून, दुसऱ्या अवस्थेतून. ‘लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड’ला हेच जमलं नाही. शेवटी गाणं तोडलेलं नाही, सुरुवातीच्या हळुवारपणात विरत जातं. आवाज थोडा मोठा ठेवा, शेवटचे सूर फार बारीक आहेत. मेडनच्या २००० नंतरच्या गाण्यांत हे पहिल्या तिघांत बसेल.

एक रचनेतला दोष मात्र या डिस्कवर उघडा पडतो. चारही गाणी हळू सुरू होतात. एकेकटं ऐकलं तर प्रत्येक सुरुवात देखणी आहे. ओळीने ऐकलं की तिसऱ्या वेळी ‘आता दीड-दोन मिनिटं थांबायचं’ हे आधीच माहीत असतं. ‘डेज ऑफ फ्युचर पास्ट’ उचलून ‘डेथ ऑफ द केल्ट्स’ आणि ‘द पार्चमेंट’च्या मधे टाकून बघा. प्लेलिस्टमध्ये हे सहज जमतं, आणि दोन्ही लांब गाण्यांना श्वास मिळतो.

मैफलीत काय टिकलं

२०२२ च्या दौऱ्यात बँडने कार्यक्रमाची सुरुवातच या अल्बमच्या पहिल्या तीन गाण्यांनी केली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युचर पास्ट’ दौऱ्यात पाच गाणी होती: ‘द रायटिंग ऑन द वॉल’, ‘डेज ऑफ फ्युचर पास्ट’, ‘द टाइम मशीन’, ‘डेथ ऑफ द केल्ट्स’, आणि शेवटच्या टप्प्यात ‘हेल ऑन अर्थ’. रंगमंचावर कीबोर्ड मागे जातो, गळा पुढे येतो, आणि अल्बमवर गढूळ वाटलेली ‘द टाइम मशीन’सारखी गाणी लख्ख होतात. ‘द पार्चमेंट’ आणि ‘डार्केस्ट अवर’ या दोन्ही दौऱ्यांत नव्हती, ही मोठी उणीव. मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी तो त्या दौऱ्यात वाजवत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. म्हणून शीर्षकगीतातले ते सुरुवातीचे आघात आता वेगळ्याच कानाने ऐकले जातात.

वाजवणाऱ्यांसाठी

गिटार शिकणाऱ्यांना हा अल्बम चांगला गुरू आहे, पण हार्मनीत (दोन गिटारांच्या सुरांच्या जोडीत) एक चूक ठरलेली असते. दुसरी गिटार ‘तिसऱ्यावर’ वाजवायची म्हणजे प्रत्येक सुराला सरसकट तीन किंवा चार फ्रेट वर जायचं, असा समज होतो. तसं नाही. उदाहरणार्थ ई मायनरमध्ये सूर आहेत ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी, डी. ई वर जी येतो, अंतर तीन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एक फ्रेट), म्हणजे कोमल गंधार. पण जी वर बी येतो, अंतर चार, म्हणजे शुद्ध गंधार. सी आणि डी वरही चारच, बाकी सगळीकडे तीन. पिच शिफ्टर पेडल (सूर ठराविक अंतराने वर नेणारं) कायम तीनवर लावलं तर सातापैकी तीन सूर बेसूर वाजणार. स्केल सांगता येणारा हार्मोनायझर घ्या, नाहीतर दुसरा माणूस शोधा. माणूस केव्हाही बरा.

दुसरी चूक डिस्टॉर्शनची. दोन सूर एकाच अॅम्पच्या डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नको असलेले सूर तयार होतात आणि हार्मनी चिखल होते. मेडनमध्ये प्रत्येक जण आपापल्या अॅम्पमधून एकेकच सूर वाजवतो, म्हणून दोन्ही ओळी स्वच्छ राहतात. घरी हार्मोनायझर वापरायचा असेल तर तो डिस्टॉर्शनच्या आधी न लावता नंतर लावा, आणि गेन नेहमीच्या सवयीपेक्षा पाव वाटा कमी ठेवा.

गॅलपसाठी पिकचा क्रम खाली-खाली-वर. वेग वाढला की पहिला ‘धा’ तोकडा पडतो आणि तिन्ही आघात सारखे होऊन जातात. तेव्हा तो गॅलप न राहता ट्रिपलेट (एका मात्रेत तीन समान आघात) होतो आणि गाण्याची चालच बदलते. मेट्रोनोम ८० वर लावून ‘धा’ पूर्ण अर्धी मात्रा धरा, मग चार-चारने वाढवा. मनगट दुखायला लागलं की वेग पुढे गेलाय, हात मागे राहिलाय. ‘स्ट्रॅटेगो’ याच्या सरावाला उत्तम. हार्मनीसाठी ‘हेल ऑन अर्थ’ची सुरुवातीची चाल घ्या: संथ आहे, प्रत्येक सूर ऐकून बसवता येतो.

कोणत्या स्वरूपात घ्यावा

विनाइल तीन तबकड्यांचं आहे. सहा बाजूंत वाटलं तर सरासरी एका बाजूला पावणेचौदा मिनिटांच्या आत, म्हणजे खोबणींना भरपूर जागा. बाजू छोटी असली की सुई मध्यभागाच्या अगदी जवळ जात नाही, आणि शेवटच्या गाण्यात झांजा फाटल्यासारख्या वाजण्याचा धोका कमी होतो. तोटा असा की इतक्या शांत सुरुवाती असलेल्या अल्बममध्ये धुळीचा प्रत्येक कण ऐकू येतो. नवी तबकडीसुद्धा पहिल्यांदा लावण्याआधी कार्बन ब्रशने पुसा. पाच गाण्यांच्या सुरुवातीला टकटक ऐकायची नसेल तर ही दोन मिनिटं वाचवू नका. आणि ऐंशी मिनिटांत पाच वेळा उठून बाजू बदलावी लागेल, हे धरून चला.

एकूणात दोन सीडींचा संच या अल्बमला सगळ्यात शोभतो. दोन डिस्कची विभागणी गाण्यांच्या स्वभावाशी जुळते, शांत भाग शांत राहतात, आणि दुसरी डिस्क सुटी लावता येते. पुस्तिकेत शब्द छापलेले आहेत. ‘स्ट्रॅटेगो’ ऐकताना ते समोर उघडे ठेवा, एकदा शब्द कळले की पुढच्या वेळी मिक्समधूनही ऐकू येतात.